दोरीवरचा उन्हाळा

या उन्हाळ्याची सुरुवात तेरा टीशर्टांनी झाली. भाचीच्या फुटबॉल टीमचे, अकरा खेळणाऱ्यांचे आणि दोन राखीव पोरांचे, कारण राखीव असलं म्हणून पाठीवर नंबर नको असं कुणी म्हणत नाही, उलट त्यांनाच तो जास्त हवा असतो. टीशर्ट पांढरे, पॉलिस्टरचे, फुंकर मारली तर उडतील इतके हलके, आणि पाठ कोरी. भाची ती पिशवी घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे मशीन आहे ना?" घरात शिलाई मशीन असलेल्या माणसाला हा प्रश्न आयुष्यभर येतो, त्याचं उत्तर हो असतं, आणि 'हो पण' मधला 'पण' म्हणायच्या आत पिशवी टेबलावर आलेली असते.

मशीन आजीचं आहे. काळं, हाताने फिरवायचं, लाकडी झाकणाचं, झाकण उचललं की तेलाचा तो वास. मी त्यावर पडदे शिवलेत, उशांचे अभ्रे शिवलेत, स्वतःचे चार-पाच फ्रॉक शिवलेत आणि एक पँट, जी घालून फक्त उभं राहता येतं, बसता येत नाही. पण जर्सीच्या कापडावर कधी हात टाकला नव्हता. हे कापड मागावरचं उभ्या-आडव्या धाग्यांचं नसतं, स्वेटरसारखं असतं, फंद्यात फंदा अडकवलेलं, फक्त फंदे इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. साधी टोकदार सुई त्यातला धागाच तोडते नाहीतर टाका गाळते. त्याला गोलसर टोकाची सुई लागते, बॉलपॉइंट म्हणतात तिला, ती धाग्याला बाजूला सारून मधून निघून जाते. हे मला कळेपर्यंत चार नंबरच्या टीशर्टात एक ओळ सर्रकन उसवत खाली गेली होती. मी आतून ठिगळ लावून ती थांबवली आणि चार नंबरवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

नंबरांसाठी कपाटात पडलेलं कोरं निळं सुती कापड काढलं. कोरं सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढायचं असतं, हे मला आजीने लहानपणी इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन, पण जागेपणी विसरले. पहिल्या धुण्यात सुती नंबर आटले, पॉलिस्टर काही आटत नाही, आणि तेराच्या तेरा पाठींवर नंबरांभोवती चुण्या पडल्या, म्हाताऱ्या माणसाच्या ओठांभोवती पडतात तशा. पण हे नंतरचं. त्याआधी सहा आणि नऊचा घोळ झाला. कागदाचा साचा एकच, सहा कापला की नऊ आपोआप तयार, यावर मी स्वतःवर खूश होते, आणि त्या खुशीत दोन्ही टीशर्टांवर सहाच शिवले. टीममध्ये दोन सहा, नऊ कुणीच नाही. भाची सहा नंबर, तिची मैत्रीण नऊ, आणि ती मैत्रीण गोल मारणारी, त्यामुळे "चालतंय गं" म्हणायची सोयच नव्हती.

रात्री साडेअकराला तो नंबर उसवत बसले होते. पॉलिस्टरला सुईची भोकं बुजत नाहीत, सुती कापडावर ओला हात फिरवला की बरीचशी मिटतात तशी ही मिटत नाहीत, त्यामुळे नऊ सरळ झाला तरी त्याच्याभोवती जुन्या सहाची ठिपक्यांची रांगोळी राहिली ती राहिलीच. आणि तेव्हा मला १९८६ च्या त्या बायका आठवल्या.

मेक्सिकोतला फुटबॉलचा वर्ल्ड कप. अर्जेंटिना उरुग्वेविरुद्ध निळी जाड सुती जर्सी घालून खेळली आणि ती भिजून एवढी जड झाली की कोच कार्लोस बिलार्दो यांनी डोक्याला हात लावला. पुढची मॅच इंग्लंडशी, २२ जून, दुपारी बारा वाजता, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवरच्या मेक्सिको सिटीत, अझ्टेका स्टेडियममध्ये, आणि तिथेही निळीच घालायची. वजनाला हलकी अशी निळी जर्सी तयार नव्हती. मग टीमचा माणूस शहरातल्या दुकानांतून हिंडला आणि हलक्या निळ्या जर्सी घेऊन आला, पण कोऱ्या! बिल्ला नाही, नंबर नाही, आणि मॅच तोंडावर. तिथल्या क्लब अमेरिका नावाच्या क्लबातल्या शिवणाऱ्या बायकांनी बसून बिल्ले शिवले. बिल्ल्याची नक्षीसुद्धा नेहमीची नव्हती, त्यातली पानांची माळ गायब होती. पाठीवर चंदेरी नंबर इस्त्रीने चिकटवले, तेही अमेरिकन फुटबॉलच्या कपड्यांवर लावतात तसले. आणि त्या जर्सीत अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने ५१ व्या मिनिटाला हाताने गोल केला, ज्याला पुढे 'देवाचा हात' म्हणायला लागले, आणि चार मिनिटांनी दुसरा, तो पायाने, अर्ध्या मैदानापलीकडून एकेकाला मागे टाकत. मॅचनंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने ती जर्सी अदलाबदलीत घेतली, आणि मे २०२२ मध्ये ती लिलावात ७१ लाख पौंडांना गेली.

सगळं जग त्या एका हाताबद्दल बोलतं. माझ्या डोक्यात मात्र ते बिल्ला शिवणारे हात येतात. त्यातली एखादी त्या दिवशी घरी उशिरा पोचली असेल आणि कुणीतरी विचारलं असेल, एवढा वेळ कुठे होतीस, आणि ती म्हणाली असेल, काही नाही, थोडं शिवायचं होतं.

तर मुद्दा हा की ती गोष्ट आपण देवाची, हाताची, त्या दोन देशांच्या राजकारणाची म्हणून सांगतो, पण मुळात ती घामाची आहे. कापड घामाचं काय करतं याची. आणि उन्हाळ्यात मला घाम सोडून दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे पुढे जे काही लिहीन ते शेवटी तिथेच येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मला जुने कपडे आवडतात. जुने म्हणजे कुणीतरी घातलेले, उसवलेले, परत शिवलेले. हल्ली त्याला विंटेज म्हणतात, साधारण वीस वर्षांवरचा कपडा असला की हा शब्द लावतात, म्हणजे माझे कॉलेजातले निम्मे कपडे मला न विचारता विंटेज झाले. माझ्याकडचा सगळ्यात लाडका म्हणजे आत्याच्या ट्रंकेतून निघालेला फिकट हिरवा सुती फ्रॉक, गळ्याला उरेब पट्टी, कमरेला चुण्या, डाव्या कुशीत धातूची झिप. त्याला लेबल नाही. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल कपड्याला लावणं १९७२ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे तिकडचा जुना कपडा हातात आला की जाणकार आधी आतली शिवण चाचपतात, लेबल आहे का, कसलं आहे. घरी शिवलेल्या कपड्याचा असा पुरावा नसतो. त्याला उलटा करून वाचावं लागतं.

हा फ्रॉक उलटा केला की कुशीत चांगलं दीड इंच मार्जिन दिसायचं आणि त्यात जुन्या शिवणीच्या भोकांच्या दोन रेषा. म्हणजे दोनदा सैल केलाय. पहिल्यांदा निवांत, कारण टाके एकसारखे आणि धागा कापडाच्या रंगाचा. दुसऱ्यांदा घाईत, बहुतेक कुठेतरी जायचं असताना, कारण धागा पांढरा आणि टीप वाकडी. खालच्या दुमडीत एक गडद पट्टा आहे, कधीच ऊन न लागलेला, तोच त्याचा खरा रंग, बाकी सगळा हिरवा म्हणजे धुण्या-वाळवण्यातून उरलेला हिरवा. मी तो तिसऱ्यांदा सैल केला. आता मार्जिन संपलं. माझ्यानंतर जिला मिळेल तिने बारीक असावं, दुसरा इलाज नाही.

तयार कपड्यात ही सोयच ठेवत नाहीत. आत ओव्हरलॉकची ती दातेरी कड, शिवणीच्या पुढे करंगळीच्या नखाएवढंही कापड नाही, म्हणजे तुम्ही बदलायचं नाही, कपडा बदलायचा. मला हे फार लागतं. शिवणाऱ्याने आत ठेवलेलं मार्जिन म्हणजे ही बाई उद्या थोडी जाड होईल, चालेल, असं कुणीतरी आधीच म्हणून ठेवल्यासारखं वाटतं, आणि मला असं म्हणणारं दुसरं कुणी भेटलेलं नाही.

उन्हाळ्यात हा फ्रॉक म्हणजे सुख. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतो, लिनन त्याहून जास्त, बारा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, ०.४. म्हणून सुती कपडा अंगाला 'कपडा' वाटतो आणि पॉलिस्टर प्लास्टिक वाटतं, जे ते आहेच. त्यात हा घेरदार, मुंढ्यात मोकळा, हवा खालून शिरते वरून निघते. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर शरीरातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, उडाला पाहिजे. कपाळावरून टपकला, पुसला, तर खर्च झाला पण काम झालं नाही. सुती भक्तीचं माझं सगळं तत्त्वज्ञान या आकड्यांवर उभं होतं आणि या उन्हाळ्यात ते कसं आडवं झालं ते सांगते, पण आधी टोमॅटो.

कारण झाडंही घामच गाळतात. म्हणजे त्याला बाष्पोच्छ्वास असा जीभ अडकणारा शब्द आहे शाळेच्या पुस्तकात, पण काम तेच. पानांच्या मागच्या बाजूला जास्त करून ती बारीक छिद्रं, त्यातून पाणी उडत राहतं, वर उडतं म्हणून खालून ओढलं जातं, आणि त्या ओढीवर मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं चालतं. भर दुपारी टोमॅटोची पानं मान टाकतात तेव्हा आपण घाबरून झारी घेऊन धावतो. तर तसं लगेच धावायचं नाही. शेजारचे काका, ज्यांची झाडं माझ्या झाडांकडे दया आल्यासारखी बघतात, ते म्हणतात, "पान बघून पाणी घालू नका, मातीत बोट घालून बघा." पेरभर खाली ओल असेल तर ते झाड तहानलेलं नाही, फक्त जेवढं उडतंय तेवढं वर चढत नाहीये, संध्याकाळी आपोआप ताठ होतं. मी पहिली दोन वर्षं दर दुपारी पाणी ओतून मुळं कुजवली, हे माझ्याच बोटाने मला सांगितलं असतं.

दुपारी पाण्याचे थेंब पानावर पडले की भिंगासारखे होऊन पान जाळतात, हे मात्र मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सगळ्यांना सांगत आले. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये ते तपासलं आणि गुळगुळीत पानावर असं होत नाही असं दिसलं, थेंब पानाला इतका चिकटून असतो की ऊन त्याच्यातून पानावर नीट एकवटतच नाही. केसाळ पानांवर थेंब उचललेला राहतो, तिथे होऊ शकतं. तरी दुपारी पाणी घालू नयेच, कारण ते मातीवरूनच उडून जातं. म्हणजे सल्ला बरोबर होता, कारण चुकीचं होतं. माझ्या बऱ्याच सल्ल्यांचं असंच आहे.

टोमॅटोचं एक दुखणं मला फार दिवस कळलं नव्हतं. फळ छान धरतं, फुगतं, आणि मग खालचं टोक काळं, चामड्यासारखं. मला वाटायचं कीड. कीड नाही, कॅल्शियम कमी पडतं, आणि गंमत म्हणजे मातीत ते असतं, फक्त फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर चालतं आणि ओढ असते पानांची, घाम पानं गाळतात, फळ जवळपास गाळतच नाही. मग एक दिवस कोरडं, एक दिवस पूर, असं पाणी घातलं की जे काय येतं ते पानं घेऊन जातात आणि फळाच्या टोकाला काही उरत नाही. उपाय खताचा कमी आणि शिस्तीचा जास्त, थोडं थोडं, रोज, सारखं. म्हणजे जे मला कपड्यात जमतं, टाका एकसारखा, ते पाण्यात जमत नाही.

यावर्षी तेही दुखणं नाही कारण फळच नाही. फुलं येतात, पिवळी, टवटवीत, आणि देठातून गळतात. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रही थंड नाही, असं काही दिवस चाललं की टोमॅटोचा पराग निकामी व्हायला लागतो, आणि फूल वाट बघून गळून जातं. ऊन माझ्या हातात नाही. सावलीला एक जुना पांढरा पडदा बांधला, मातीवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं. आणि आणखी एक उद्योग केला. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतःला पुरतं, त्यातच नर त्यातच मादी, पण पराग नळीत बंद असतो मिठाच्या डबीसारखा, हलवावा लागतो. भुंगे हे काम करतात, फुलाला धरून अंग असं थरथरवतात की पराग खाली सांडतो, मधमाशीला ते जमत नाही. आमच्याकडे भुंगा फिरकेना, म्हणून मी विजेवरचा टूथब्रश देठाला लावायला सुरुवात केली. सकाळी हिरव्या फ्रॉकमध्ये, एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हाताने फुलांचे दात घासताना काकांनी बघितलं. ते काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून थोडे जपून बोलतात.

दोन दिवस बाहेर जायचं होतं तेव्हा फाटक्या सुती बनियनच्या पट्ट्या कापून पीळ दिला, एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं कुंडीत मातीखाली, बादली जरा उंचावर. वातीसारखं पाणी चढतं आणि उतरतं, थेंब थेंब. परत आले तर झाडं माझ्याशिवाय माझ्यापेक्षा बरी होती.

आता मैदान. मैदान म्हणायचं म्हणून, खरं तर कडेला गवत आणि मधे माती, आणि दोन्ही गोलपोस्टसमोर टक्कल. तिथेच सगळे पाय पडतात, माती दाबून दाबून विटेसारखी होते, मुळांना हवा मिळत नाही, मग पाणी घाला नाहीतर खत घाला, गवत उगवत नाही. बाग करणाऱ्या माणसाला मैदान बघून खेळ दिसायच्या आधी हे दिसतं, काय करणार.

गवत कापायच्या मशीनची गोष्ट मला फार आवडते, आणि ती मी प्रत्येक मॅचला कुणाला ना कुणाला ऐकवते, त्यामुळे आता पोरं माझ्या शेजारी बसत नाहीत. इंग्लंडमध्ये स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तयार कापडावर जी लव उठते ती सारखी कापून काढायला एक यंत्र असायचं, लाटण्यासारखं फिरणारं, त्यावर पिळदार पाती. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात आलं की कापडाची लव कापते तर गवत का नाही, आणि १८३० मध्ये त्याने गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याआधी हिरवळ म्हणजे लांब दांड्याचं कोयतं चालवणारी माणसं नाहीतर मेंढ्या. म्हणजे टीव्हीवर ते हिरव्यागार मैदानाचे गडद-फिके पट्टे दिसतात ना, जे दोन रंगाचं गवत नसून एकच गवत उलटसुलट दिशेला झोपवल्यामुळे तसं दिसतं, मखमलीवर हात फिरवल्यावर दिसतं तसंच, ते मखमलीसारखं दिसतं यात नवल नाही. त्याची कात्री कापडाच्याच घरातून आलीय.

आणि १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये तर गवताला ठिगळं लावली. अमेरिकेत पाँटियाक सिल्व्हरडोम म्हणून छप्पर असलेलं स्टेडियम होतं, आत नकली हिरवळ, आणि वर्ल्ड कपला खरं गवत हवं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी बाहेर उन्हात षटकोनी साच्यांमध्ये गवत वाढवलं आणि ते षटकोन आत आणून एकाला एक जोडत सगळं मैदान बसवलं. रंगीत तुकडे जोडून पांघरूण करतात अगदी तसं, फक्त जिवंत. वर्ल्ड कपची छपराखाली झालेली पहिली मॅच तिथली, आणि आत उकाडा असा की खेळाडूंचा जीव नकोसा झाला. वर छप्पर, खाली ओलं गवत, मधे हजारो माणसं, सगळ्यांचा घाम जाणार कुठे?

तर आता माझं तत्त्वज्ञान आडवं झालं तो प्रसंग. एका रविवारी मोठ्यांची मॅच ठरली, पोरांचे आईबाप, काका, मावशा. गोलकीपर कुणी होईना म्हणून मी उभी राहिले. आजोबांचा पांढरा सुती शर्ट घातला होता, जाड, पूर्ण बाह्यांचा, हाताने केलेल्या काजांचा, काजं इतकी सुबक की मी बटणं लावताना दर वेळी दोन सेकंद थांबते. म्हटलं सुती आहे, घाम शोषेल, आजोबा आयुष्यभर हेच घालून उन्हात हिंडले. वीस मिनिटांत शर्टाने घाम शोषला, खरंच शोषला, सगळा, आणि धरून बसला. पाठीला चिकटला, बाह्या ओल्या होऊन कोपरात अडकल्या, उडी मारायची तर आधी शर्ट उचलायचा आणि मग स्वतःला. समोर माझा मेहुणा त्या फडतूस पॉलिस्टरच्या टीशर्टात कोरडाठाक दिसत होता, कारण ते कापड पाणी पीत नाही, बाहेरच्या बाजूला पसरवतं आणि तिथून ते उडून जातं. मला सहा गोल झाले. त्यातले दोन मी शर्टामुळे खाल्ले असं माझं म्हणणं आहे, मेहुण्याचं म्हणणं वेगळं आहे.

म्हणजे १९८६ चा बिलार्दो मला तोपर्यंत फक्त गोष्टीत कळला होता, त्या दिवशी पाठीवर कळला. आजोबा त्या शर्टात हिंडले ते चालत, सावली धरून, थांबत. धावायला तो शिवलेलाच नव्हता. बसायला, वाचायला, झाडांना पाणी घालायला सुतीला तोड नाही, आणि नव्वद मिनिटं पळायचं असेल तर मुकाट्याने प्लास्टिक घालावं. हे लिहिताना मला त्रास होतोय पण लिहिते.

हाफटाइमच्या आधीच सरांनी पाण्यासाठी खेळ थांबवला. वर्ल्ड कपमध्ये असा अधिकृत कूलिंग ब्रेक पहिल्यांदा २०१४ ला ब्राझीलमध्ये घेतला, २९ जूनला फोर्टालेझात, नेदरलँड्स आणि मेक्सिकोच्या मॅचमध्ये. तेव्हा तो ठरवताना नुसतं तापमान बघत नव्हते, हवेतला दमटपणा आणि उन्हाची धगही धरून एक आकडा काढायचे आणि तो ३२ च्या वर गेला की थांबायचे. कारण तेच, हवाच ओली असेल तर घाम उडणार कसा. मी सावलीत बसून शर्ट पिळला. शेजारचे काका टीमचा स्कोअर लिहायला आले होते, ते एवढंच म्हणाले, "हे पाणी झाडांना नका घालू, मीठ असतं."

पॉलिस्टरचा सूड धुण्याच्या दिवशी निघतो. तेरा टीशर्ट एका पिशवीत, रात्रभर तोंड बांधून. ती पिशवी उघडणं हे माझ्या भाचीवरच्या प्रेमाचं मोजमाप समजावं. हाही निव्वळ माझा पूर्वग्रह नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी लोकांना सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे शर्ट दिवसभर ठेवून वास घ्यायला माणसं बसवली होती, तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, आणि पॉलिस्टरने सुतीला वासात लीलया हरवलं, त्यावर मायक्रोकोकस नावाचे जिवाणू जोमाने वाढतात म्हणून. त्या वास घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मी दर आठवड्याला फुकटात करते.

तर काल संध्याकाळी ते तेरा टीशर्ट धुतले, शेवटच्या साध्या पाण्यातून काढले आणि दोरीवर टाकले, उलटे, खालची कड वर चिमट्यात, म्हणजे खांद्यावर चिमट्याच्या खुणा पडत नाहीत. मधे आजोबांचा शर्ट आणि एका टोकाला हिरवा फ्रॉक, तो सावलीच्या बाजूला, आहे तेवढा हिरवा टिकावा म्हणून. दोरी बरोबर कुंड्यांच्या वर आहे. टीशर्ट टपकत होते, टप टप, सुती शर्टाखाली तर धारच, आणि आच्छादनावर पाणी पडल्याचा तो मऊ आवाज येत होता.

भाची बॉल काखेत धरून आली, दोरीकडे बघितलं आणि किंचाळली, "मावशी! परत नऊ केलास माझा!"

म्हटलं, "अगं टीशर्ट उलटा टांगलाय. तू उलटी होऊन बघ."

तिने बॉल ठेवला, पाठ फिरवली, वाकली आणि पायांच्या मधून बघितलं, केस कुंडीच्या मातीला लागले. "हां, सहा आहे," म्हणाली. पण सरळ झाली नाही, तशीच लोंबकळत राहिली. वर नंबरावरून पाणी तिच्या पाठीवर टपकत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "या पानाच्या मागे काहीतरी हिरवं आहे. गोट्याएवढं. दोन आहेत."